चार धरणांची आकृती
लिनक्स संगणकावर आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर कसे बसवावे

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटा तक्ता छापून येतो. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला अशी चार नावे, आणि प्रत्येकापुढे त्या दिवशीचा साठा. सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला आलेल्या माणसाला समोर पाणीच पाणी दिसते, आणि पुणे पिते ते हेच पाणी असे त्याला वाटते. ते खरेही आहे, पण अर्धेच. चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, इतका आहे. त्यात वरसगावचा वाटा १२.८२, पानशेतचा १०.६५ आणि टेमघरचा ३.७१. ज्याच्या नावाने ही सगळी साखळी ओळखली जाते, त्या खडकवासल्यात मावते फक्त १.९७ टीएमसी. एकूण साठ्याच्या सात टक्क्यांहूनही कमी. खडकवासला पुण्याला पाणी देऊ शकते ते वरची तीन धरणे त्याच्या पाठीशी आहेत म्हणून.

तक्त्यातून आकडे कळतात, पण पाणी कुठून कुठे जाते ते कळत नाही. चार चौकटी काढून त्यांना बाणांनी जोडले की हीच गोष्ट शाळकरी मुलालाही एका नजरेत समजते. अशी आकृती घरच्या किंवा शाळेतल्या लिनक्स संगणकावर काढायची आहे असे धरून चालू. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, ते कुठून आणावे, बसवताना संगणकाच्या आत काय घडते आणि शेवटी मराठी अक्षरांसह आकृती हातात कशी येते, हे क्रमाने पाहू. उदाहरणासाठी लिनक्स मिंट घेतले आहे. मिंट उबुंटूवर उभे आहे आणि उबुंटू डेबियनवर, त्यामुळे पुढचे बहुतेक सगळे या तिघांनाही लागू पडते.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

काही बसवण्याआधी संगणकावर काय आहे ते पाहावे. मिंटसोबत सहसा लिब्रेऑफिस येते आणि त्यातच ‘ड्रॉ’ नावाचा भाग असतो. मेनूमध्ये ‘ड्रॉ’ शोधा. सापडले तर चौकटी, बाण आणि मजकूर एवढे काम त्यात आजच सुरू करता येईल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात.

दुसरा पर्याय ‘डिया’. अलेक्झांडर लार्सन यांनी १९९८च्या सुमारास हा कार्यक्रम लिहायला सुरुवात केली. प्रवाहतक्ते, संगणकांच्या जाळ्यांचे नकाशे, विद्युतमंडले अशा आकृत्यांसाठी लागणारे आकार त्यात तयार मिळतात. दिसायला तो जुन्या वळणाचा आहे, पण अंगाने हलका आहे. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावरही तो चटकन उघडतो, आणि शाळांमधले संगणक बहुधा त्याच वयाचे असतात.

तिसरा ‘ड्रॉ डॉट आयओ’. हा ब्राउझरमध्ये चालतो, आणि इंटरनेटशिवाय वापरण्यासाठी त्याची डेस्कटॉप आवृत्तीही आहे. दिसायला नीटनेटका आणि शिकायला सोपा, पण स्वतःसोबत जवळजवळ अख्खा ब्राउझरच घेऊन येत असल्यामुळे मेमरी जास्त खातो. चौथा ‘ग्राफविझ’. यात माउसने काही काढायचे नसते. ‘टेमघरपासून खडकवासल्याकडे बाण’ अशा अर्थाच्या ओळी मजकुराच्या फाइलमध्ये लिहायच्या आणि चौकटी कुठे मांडायच्या ते ग्राफविझच ठरवतो. शंभर चौकटींची आकृती असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा. आपल्या चार धरणांसाठी मात्र डिया पुरेसा आहे. आधी तोच बसवू.

सॉफ्टवेअर येते कुठून

विंडोजवर वाढलेल्या माणसाची सवय अशी असते की ब्राउझर उघडायचा, कार्यक्रमाचे नाव शोधायचे, समोर येईल त्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायची आणि तिच्यावर दोनदा क्लिक करायचे. लिनक्सवर ही सवय बाजूला ठेवावी. इथे कार्यक्रम आणायचा तो रिपॉझिटरीतून, म्हणजे सामायिक भांडारातून. डेबियन, उबुंटू, मिंट यांची माणसे हजारो कार्यक्रम पारखून, बांधून या भांडारात ठेवतात. बांधलेल्या अशा प्रत्येक गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात.

पॅकेजमध्ये कार्यक्रम तर असतोच, शिवाय एक चिठ्ठीही असते. तिच्यावर कार्यक्रमाचे नाव, आवृत्ती आणि महत्त्वाचे म्हणजे तो चालायला आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात त्यांची यादी असते. या लागणाऱ्या पॅकेजांना डिपेन्डन्सी म्हणतात. खडकवासल्याचे गणित इथे पुन्हा भेटते. डियाचे स्वतःचे पॅकेज लहानसे आहे. पण खिडक्या आणि बटणे काढणारे जीटीके, अक्षरांची जुळणी करणारे पँगो, रेषा आणि रंग कागदावर उतरवणारे कैरो ही लायब्ररी-पॅकेजेस मागे उभी असतील तरच तो चालतो. दिसते ते छोटे. साठा मागच्या साखळीत. संकेतस्थळावरून सुटी फाइल आणली तर ही साखळी आपली आपण जुळवावी लागते. भांडारातून आणले तर ते काम पॅकेज मॅनेजर करतो. डेबियन घराण्यात त्याचे नाव एपीटी.

भांडारातून आलेले पॅकेज अस्सल आहे, हे एपीटीला कसे कळते? ती तपासणी तीन पायऱ्यांची आहे. भांडाराच्या दाराशी एक मुख्य फाइल असते आणि तिच्यावर वितरणाची, म्हणजे मिंट-उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराची, डिजिटल सही असते. ती सही ओळखण्याची किल्ली लिनक्स बसवतानाच आपल्या संगणकात आलेली असते. सही केलेल्या त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे हॅश नोंदलेले असतात. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून काढलेला आकडा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश लिहिलेला असतो. सहीवरून मुख्य फाइल, मुख्य फाइलवरून यादी, यादीवरून पॅकेज असा विश्वास पायरी पायरीने खाली उतरतो. म्हणून पॅकेज कुठल्याही देशातल्या कुठल्याही सर्व्हरवरून आले तरी वाटेत कोणी ढवळाढवळ केली असेल तर हॅश जुळत नाही आणि एपीटी ते बसवायला नकार देते. आपण भांडाराचा आग्रह धरायचा तो यासाठी.

डिया बसवू या

सोपी वाट अशी. मेनूमधून ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडा आणि शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘डिया’ लिहा: डी, आय, ए. यादीतून आकृत्यांच्या संपादकाची नोंद निवडा. एकच कार्यक्रम दोन प्रकारांत मिळत असेल तर मिंट तिथे ‘सिस्टिम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’ असे पर्याय दाखवते. सध्या ‘सिस्टिम पॅकेज’ निवडा आणि ‘इन्स्टॉल’ दाबा. सोबत येणाऱ्या पॅकेजांची यादी दिसेल. ती वाचून संमती द्या आणि पासवर्ड टाका. काम झाले.

दुसरी वाट टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची. बटणामागे काय चालते ते इथे उघड दिसते, म्हणून एकदा तरी या वाटेने जावे. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून लिहायच्या.

पहिली आज्ञा: ‘सुडो एपीटी अपडेट’. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ. हे काम व्यवस्थापकाच्या अधिकाराने कर, असे ते सांगते. ‘अपडेट’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. या आज्ञेने एकही कार्यक्रम बदलत नाही. भांडारात आज काय काय आहे त्याची ताजी यादी तेवढी येते. पासवर्ड टाकताना काही लिनक्समध्ये पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असे समजू नका. पासवर्ड पुरा करून एंटर दाबा.

दुसरी आज्ञा: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डिया’. आता एपीटी चिठ्ठ्या वाचते, डियाला काय लागते आणि त्यातले आपल्याकडे आधीच काय आहे ते पाहते, उरलेल्यांची यादी पुढे ठेवते, किती डाउनलोड होईल आणि डिस्कवर किती जागा जाईल ते सांगते आणि परवानगी मागते. ‘वाय’ लिहून एंटर दाबला की पॅकेजेस उतरू लागतात. मग त्यांचे हॅश ताडले जातात आणि ‘डीपीकेजी’ हा खालच्या थरातला कार्यक्रम ती उलगडतो. कार्यक्रमाची फाइल एका ठरलेल्या फोल्डरमध्ये जाते, आकारांचे संच आणि चिन्हे दुसऱ्यात, आणि मेनूसाठीची एक छोटी मजकूर-फाइल तिसऱ्यात. त्या फाइलमध्ये नाव, चिन्ह आणि काय चालवायचे एवढेच लिहिलेले असते, आणि ती वाचूनच मेनू ‘ग्राफिक्स’ विभागात डियाचे नाव दाखवतो. कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद डीपीकेजीकडे राहते. उद्या डिया नको झाला तर ‘रिमूव्ह’ म्हणताच या नोंदीवरून तो निघून जातो, आणि ‘ऑटोरिमूव्ह’ म्हटले की फक्त त्याच्यासाठी आलेली, आता कुणालाच नको असलेली पॅकेजेसही जातात.

वाटेत अडले तर

‘पॅकेज सापडत नाही’ असा संदेश आला तर आधी नावाचे स्पेलिंग पाहा, मग ‘अपडेट’ची आज्ञा दिली होती का ते आठवा. उबुंटूवर डिया ‘युनिव्हर्स’ या विभागात आहे. तो विभाग बंद असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. लिनक्सची आवृत्ती फार जुनी झाली असेल तर तिचे भांडारच नेहमीच्या जागेवरून हललेले असते. तिथे डियासाठी खटपट करण्यापेक्षा आधी लिनक्सची नवी आवृत्ती घालावी.

‘कुलूप मिळत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर संगणक बहुधा स्वतःहून दुसरे काही अद्ययावत करत असतो. दोन कार्यक्रमांनी एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहू नये म्हणून ते कुलूप असते. दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा आज्ञा द्या. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, त्याने नोंदवहीच बिघडू शकते.

पावसात खडकवासल्याच्या बाजूला वीज जाणे नवे नाही. डाउनलोड चालू असताना वीज किंवा इंटरनेट गेले तर घाबरण्यासारखे काही नाही. तीच आज्ञा पुन्हा दिली की एपीटी आधी उतरलेले वापरते आणि उरलेले आणते. पॅकेजेस उलगडत असताना वीज गेली तर काही पॅकेजेस अर्धवट राहतात. अशा वेळी संगणक सुरू करून ‘सुडो डीपीकेजी’, मग मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून ‘कॉन्फिगर’, शेवटी मोकळी जागा सोडून एक आडवी रेघ आणि ‘ए’ अशी आज्ञा द्यावी. अर्धवट राहिलेले काम तिथून पुढे पुरे होते.

भांडारात नसेल तर

ड्रॉ डॉट आयओ हवा असेल तर तो डेबियन-उबुंटूच्या मुख्य भांडारात मिळणार नाही. तिथे दुसरी वाट घ्यावी लागते: फ्लॅटपॅक. गंमत अशी की, ज्या अलेक्झांडर लार्सन यांनी डिया सुरू केला, त्यांनीच पुढे फ्लॅटपॅकही उभारला. प्रत्येक वितरणासाठी वेगळे पॅकेज बांधायचे आणि प्रत्येकात लायब्ररींच्या आवृत्त्या वेगळ्या असायच्या, या जुन्या दुखण्यावर तो उपाय आहे. फ्लॅटपॅकमध्ये कार्यक्रम आपल्याला लागणाऱ्या लायब्ररींच्या ‘रनटाइम’ नावाच्या ठरलेल्या संचावर चालतो आणि आपल्या लिनक्समध्ये त्यांची कोणती आवृत्ती आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून तेच फ्लॅटपॅक मिंटवरही चालते आणि फेडोरासारख्या वेगळ्या घराण्यातल्या लिनक्सवरही.

याची किंमत जागेत मोजावी लागते. पहिले फ्लॅटपॅक बसवताना रनटाइमही येत असल्यामुळे डाउनलोड मोठे असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. तोच रनटाइम वापरणारा दुसरा कार्यक्रम आणला तर तो पुन्हा उतरत नाही. दुसरी गोष्ट, फ्लॅटपॅक कार्यक्रम कुंपणात चालतो. परवानगी असेल तेवढीच फोल्डरे त्याला दिसतात. ‘माझी पेन ड्राइव्हवरची फाइल याला दिसत का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा या कुंपणात असते.

मिंटमध्ये फ्लॅटपॅक आणि त्याचे ‘फ्लॅटहब’ हे भांडार आधीपासून जोडलेले असते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधून ‘फ्लॅटपॅक’ पर्याय निवडला की पुरे. फ्लॅटहबवर मात्र एक गोष्ट नक्की वाचावी: हे पॅकेज मूळ कर्त्यांनीच ठेवले आहे, की दुसऱ्या कुणी त्यांच्या कार्यक्रमाला गुंडाळून ठेवले आहे? मिंटच्या नव्या आवृत्त्या पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक पॅकेजेस आपणहून दाखवत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन ती दाखवायला सांगावी लागतात. तसे करताना प्रकाशकाचे नाव पाहूनच पुढे जावे.

तिसरी वाट ‘ॲपइमेज’. यात सगळा कार्यक्रम एकाच फाइलमध्ये असतो. ती उतरवायची, तिच्यावर उजवे क्लिक करून गुणधर्मांमध्ये ‘कार्यक्रम म्हणून चालवण्याची परवानगी’ द्यायची आणि उघडायची. बसवणे असे काही नाही, व्यवस्थापकाचा पासवर्डही लागत नाही. पण पॅकेज मॅनेजरला या फाइलची खबर नसते. सहीची तपासणी नाही, आपोआप सुधारणा नाही. म्हणून ॲपइमेज फक्त कर्त्यांच्या स्वतःच्या जागेवरून घ्यावे, आणि त्यांनी हॅश जाहीर केला असेल तर उतरलेल्या फाइलचा हॅश काढून त्याच्याशी ताडून पाहावा. परवानगी देऊनही फाइल उघडत नसेल तर उबुंटू घराण्याच्या नव्या आवृत्त्यांत ‘फ्यूज’ नावाच्या लायब्ररीची जुनी, दुसऱ्या क्रमांकाची आवृत्ती नसणे हे नेहमीचे कारण असते. तीही भांडारातच मिळते.

मराठी अक्षरे नीट उमटावीत म्हणून

सॉफ्टवेअर बसले, चौकट काढली, आणि आत ‘खडकवासला’ लिहायला गेलो तर रिकामे चौकोन उमटले, असे होऊ शकते. दोन गोष्टी पाहाव्या लागतात: टंक, म्हणजे फॉन्ट, आणि कीबोर्ड.

रिकामे चौकोन म्हणजे त्या टंकात देवनागरी अक्षरेच नाहीत. डेबियन घराण्यात ‘फॉन्ट्स-देवा’ या नावाचे पॅकेज आहे. ते बसवले की देवनागरी टंकांचा संच येतो. त्यात ‘लोहित देवनागरी’ असतो. तो रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने मुक्त परवान्याखाली आला, आणि त्यावरचे बरेचसे काम पुण्यात झाले. टंक बसवल्यावर आकृतीचा कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडावा, म्हणजे नवा टंक यादीत दिसेल.

टंक मराठीला खरोखर चालतो का, हे पाहायला ‘दऱ्या’ हा शब्द लिहावा. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट उमटला पाहिजे. तो तुटला किंवा त्याचा रफार झाला तर दुसरा टंक निवडा. मग ‘वसला’ आणि ‘शहर’ लिहून ल आणि श पाहावेत. या दोन अक्षरांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि शाळेत भिंतीवर लावायच्या आकृतीत मुलांना आपली वळणे दिसली पाहिजेत. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ज्या टंकात दोन्ही वळणे असतात तो आपोआप मराठी वळणे वापरतो.

कीबोर्डसाठी सेटिंगमध्ये ‘कीबोर्ड’ आणि मग ‘लेआउट’ उघडून मराठीच्या नावाखालचा लेआउट जोडावा. तिथे मनासारखा मिळाला नाही तर ‘आयबस’ आणि त्याला जोडून येणारे ‘एम-सतरा-एन’ हे पॅकेज बसवावे. त्यात मराठीसाठी इन्स्क्रिप्टही आहे आणि रोमन उच्चारावरून लिहिण्याची पद्धतही. इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारचा प्रमाण लेआउट आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. एकदा हात बसला की कोणत्याही भारतीय लिपीत तोच हात चालतो. मुलांना शिकवायचे असेल तर सुरुवात त्यानेच करावी.

आता आकृती

खडकवासल्यातच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ पासून चालत आलेल्या या संस्थेत नद्या, धरणे, बंदरे यांच्या लहान मापातल्या प्रतिकृती बांधून पाणी कसे वागेल ते तपासतात. अशी प्रतिकृती बांधताना प्रश्न आधी ठरतो आणि त्याच्या उत्तराला लागेल तेवढेच तिच्यात येते. कागदावरच्या आकृतीलाही हाच नियम लावावा. आपला प्रश्न एवढाच: पुण्याचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? मग डोंगर, रस्ते, गावे यांचा मोह सोडायचा.

डिया उघडा आणि आकारांच्या यादीतून ‘फ्लोचार्ट’ संच निवडा. साध्या संचातल्या चौकटीला स्वतःचा मजकूर नसतो. फ्लोचार्टच्या चौकटीत मजकूर लिहिता येतो आणि चौकट त्याच्याबरोबर वाढते. वरच्या बाजूला तीन चौकटी काढा: टेमघर, वरसगाव, पानशेत. प्रत्येकीत धरणाचे नाव, नदीचे नाव आणि त्या दिवशीचा साठा लिहा. टेमघर मुठेवर, वरसगाव मोसे नदीवर, पानशेत आंबी नदीवर. त्यांच्या खाली मध्यभागी चौथी चौकट, खडकवासल्याची.

आता बाण. रेषेचे साधन घेऊन पानशेतच्या चौकटीपासून खडकवासल्याच्या चौकटीपर्यंत ओढा. चौकटीच्या कडांवर जोडबिंदू असतात. रेषेचे टोक त्यावर नेले की ते तिथे चिकटते आणि टोकाच्या खुणेचा रंग लाल होतो. लाल झाले नसेल तर रेषा नुसती शेजारी पडली आहे, जोडलेली नाही. चौकट हलवून पाहा. जोडलेली रेषा सोबत येते, नुसती पडलेली मागे राहते. चित्र काढण्याच्या साधनात आणि आकृतीच्या साधनात फरक आहे तो हा. आकृतीत रेषेला माहीत असते की ती कुणापासून कुणाकडे जाते.

पानशेत ते खडकवासला हा बाण काढताना पुण्यातल्या जुन्या माणसांचा हात क्षणभर थांबेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याचा लोंढा याच वाटेने खडकवासल्यावर आला, १८७९ पासून उभे असलेले ते धरणही फुटले आणि पाणी पुण्यात शिरले. साखळीतल्या वरच्या कडीवर ओढवले ते खालच्या कडीला भोगावे लागले. आकृतीतला बाण म्हणजे एक विधान असते: याचे काही झाले तर त्याचे काय होईल, हे तो सांगतो. म्हणून बाणाची दिशा चुकवू नये आणि शोभेसाठी बाण काढू नये.

खडकवासल्यापासून खाली तीन बाण जातील: एक पुणे शहराच्या पाणीपुरवठ्याकडे, एक कालव्याने दौंड आणि इंदापूरच्या शेतीकडे, आणि एक नदीपात्रातून. या तिसऱ्या बाणाचे पाणी मुळा नदीशी संगम होऊन पुढे भीमेला आणि उजनी धरणाला पोचते. तिन्ही बाण एकसारखे काढले तर वाचणाऱ्याचा घोटाळा होईल. नदीला साधी रेघ, कालव्याला तुटक, जलवाहिनीला जाड असा संकेत ठरवा आणि कोपऱ्यात खुणांचा खुलासा लिहा. त्याच्या खाली आकडे कोणत्या तारखेचे आहेत तेही लिहा. तारीख नसलेला धरणसाठा वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

फाइल ठेवताना

काम दोन रूपांत ठेवावे. एक मूळ फाइल, डियाच्या स्वतःच्या प्रकारातली. तिच्यात चौकटी, बाण आणि त्यांचे जोड जिवंत राहतात, पुढे बदल करता येतात. दुसरे रूप वाटण्यासाठी, ‘एक्सपोर्ट’ करून काढलेले. छापायला पीडीएफ, व्हॉट्सअपवर पाठवायला पीएनजी, आणि कितीही मोठे केले तरी रेषा धारदार राहाव्यात असे वाटत असेल तर एसव्हीजी. डियात या प्रकारांसाठी एकाहून अधिक पर्याय दिसतात; मराठी मजकूर असेल तर ज्याच्या नावात ‘कैरो’ आहे तो घ्यावा, जोडाक्षरे त्यात नीट राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. एसव्हीजी दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे आपला टंक नसला तर अक्षरांचे रूप बदलते. म्हणून छपाईच्या दुकानात नेताना पीडीएफच न्यावी, आणि नेण्याआधी ‘दऱ्या’सारखे अवघड जोडाक्षर तिच्यात एकदा डोळ्यांखालून घालावे.

डियाच्या मूळ फाइलमध्ये आत असतो तो साधा, दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूर. लिब्रेऑफिस ड्रॉची फाइल तर ओपन डॉक्युमेंट या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे असते. कार्यक्रम बदलला, संगणक बदलला, तरी ती वाचण्याचा मार्ग कुणा एका कंपनीच्या मर्जीवर टांगलेला राहत नाही. आपण आखलेले आपल्या हातात राहते, हे या सगळ्या खटाटोपाचे मोल आहे.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर वर्तमानपत्रात तो तक्ता पुन्हा येईल. तेव्हा मूळ फाइल उघडायची, चार चौकटींतले चार आकडे बदलायचे, खालची तारीख बदलायची आणि नवी पीडीएफ काढायची. बाणांना हात लावावा लागणार नाही.